आमचा दोन वर्षांचा कुत्रा जेवताना भांड्याजवळ गेलं की गुरगुरतो. घरात लहान मूलही आहे. मारल्याने सुधारेल का?

नाही. आणि "मालक कोण ते एकदा दाखवून द्या" असा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिलाय, त्यांना आधी स्वतःचा हात त्या भांड्यात घालायला सांगा.

चिडून लिहितेय, कारण आमच्याकडे हेच झालं होतं. खंड्या आला तेव्हा चांगला मोठा होता. आधीच्या घरी कायम साखळीला. कोणी नुसती केरसुणी उचलली तरी पोट जमिनीला टेकवून सरपटत कोपरा गाठायचा. भांडं पुढे आलं की मात्र वेगळाच प्राणी. आपण जवळ गेलो की आधी भराभर गिळायला लागायचा. मग तोंड भांड्यातच, पण अंग ताठ. मान न वळवता डोळा तेवढा आपल्याकडे, पांढरा कोपरा दिसेल असा. गुरगुर यायची ती या सगळ्यानंतर.

माझे मोठे दीर तेव्हा आमच्याकडे राहायला होते. आयुष्यभर कुत्री पाळली म्हणून त्यांना सगळं कळतं! "कळपाचा म्होरक्या कोण हे त्याला समजलं पाहिजे," असं म्हणत ते खंड्या खात असताना भांडं ओढून घ्यायचे, आणि गुरगुरला की नाकावर गुंडाळलेलं वर्तमानपत्र. यावरून आमचं रोज वाजायचं. काही दिवसांनी गुरगुर बंद झाली. दादा खूश. मग एका संध्याकाळी ते भांड्याच्या बाजूने नुसते चालत गेले आणि खंड्याने आवाज न करता त्यांची पोटरी धरली. कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ कमी होत नाही. घरात लगेच "असला कुत्रा नको" सुरू झालं. मी ऐकलं नाही.

ते म्होरक्याचं शास्त्रही जाता जाता सांगते. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेली निरीक्षणं पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांची होती. म्होरक्याची ती कल्पना १९७० च्या आपल्या पुस्तकातून लोकांपर्यंत पोहोचवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामारी नसते. हे मी दादांना वाचून दाखवलं होतं. "पुस्तकातली कुत्री वेगळी," म्हणाले.

आम्ही आधी खंड्याला डॉक्टरांकडे नेलं. साखळी चावून चावून मागची एक दाढ तुटली होती, खाताना ठणकत असणार. दाढ काढली तेव्हा निम्मा राग तिथेच गेला. तुम्हीही दात, कान, सांधे तपासून घ्या. अचानक चिडका झालेला कुत्रा पुष्कळदा दुखण्याने चिडलेला असतो.

मग सराव. तो ताठ होत नाही इतक्या लांबून जायचं, भांड्यातल्यापेक्षा चांगलं काहीतरी (आम्ही उकडलेलं चिकन) त्याच्याकडे टाकायचं आणि वळून निघून यायचं. थांबून बघत राहायचं नाही, लाडाने बोलायचं नाही. अंतर हळूहळू कमी करायचं. अंग ताठ दिसलं की घाई झाली, पुन्हा मागे. पुढे पुढे पावलं ऐकली की खंड्या भांड्यातून तोंड काढून आमच्या हाताकडे बघायला लागला, शेपूट सैल. त्याच्या डोक्यात आता माणूस येतो तो काढून घ्यायला नाही, घालायला. किती दिवस लागतील विचारू नका, ते कुत्र्यावर आहे.

दादा अजूनही चारचौघांत सांगतात की खंड्या त्यांच्या माराने सुधारला. मग आज तुम्ही त्याच्या भांड्यात हात का घालत नाही, असं विचारलं की त्यांना चहाची आठवण होते.

हो, तुम्ही लिहिलंय घरात लहान मूल आहे. मग वरचं सगळं मोठ्यांनीच करायचं, आणि कुत्र्याचं जेवण बंद दाराआड. आधी चावलेला असेल तर वागणुकीचं काम करणाऱ्या पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय सुरू करू नका. जाळीच्या मुसक्याची सवय खाऊ देऊन आधीच लावून ठेवा. जेवताना नाही, पण दवाखान्यात लागतं. त्यात त्याला धापता आणि पाणी पिता आलं पाहिजे, तोंड आवळणारी पट्टी नको. आणि कोणाला दात लागलाच, नुसतं खरचटलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरचा कुत्रा आहे म्हणून थांबू नका.