घेतलं तर खरं, आता काय करू?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की गाण्याबजावण्यासाठी घेतलेली कुठली वस्तू किंवा सॉफ्टवेअर आता डोळ्यांसमोर नकोसं झालंय, ते कळवा. ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रं आली की अर्धी पुढच्या अंकात ढकलावी लागली. एक गंमत म्हणजे वस्तू भंगार निघाली अशी तक्रार फार थोड्यांची आहे. बहुतेकांच्या वस्तू चांगल्या, काही तर माझ्या खिशाला न परवडणाऱ्या, फक्त त्या ज्या खोलीत, ज्या हातात आणि ज्या कामाला यायला हव्यात ते सोडून भलतीकडेच येऊन पडल्यात. असो, पत्रांकडे वळू.

प्रश्न: मी घरी सुगम संगीताचे क्लास घेते. व्हिडिओत सगळे सांगतात म्हणून मोठा कंडेन्सर माइक आणि इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) घेतला. आता रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा पंखा, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आणि ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक जास्त ऐकू येतात. सॉफ्टवेअरने नॉइज काढायला गेले तर तानपुराच गिळून टाकतं. हा विकून पॉडकास्टवाल्यांकडे असतो तो मोठा काळा माइक घेऊ का?
*एक गायिका, ऐरोली*

उत्तर: ताई, थांबा, विकू नका. तुमचा माइक जे करायला बनलाय तेच करतोय. कंडेन्सरचा पडदा एकदम पातळ आणि हलका, माइकच्या वायरीतूनच ४८ व्होल्टचा फँटम पॉवर देऊन चालवायचा, त्यामुळे बारीक खर्जसुद्धा पकडतो आणि बारीक शिट्टीसुद्धा. शांत बांधलेल्या स्टुडिओत हेच वरदान आहे, ऐरोलीत खिडकीशेजारी हाच ताप.

आधी तानपुऱ्याचं बघू, कारण घोळ तिथे आहे. नॉइज काढणारं सॉफ्टवेअर काय करतं, तर न बदलता सारखा चालू असलेला आवाज शोधतं आणि तो कमी करतं. पंखा सारखा चालू असतो आणि तानपुरा पण सारखाच चालू असतो, त्या बिचाऱ्याला काय कळणार यातला षड्ज कुठला आणि रेग्युलेटर कुठला! म्हणून तानपुरा खोलीत वाजवूच नका. ॲपचा किंवा मशिनचा तानपुरा वायरने थेट वेगळ्या ट्रॅकवर घ्या, तुम्ही तो हेडफोनमध्ये ऐका, हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा म्हणजे आवाज बाहेर गळून माइकमध्ये जाणार नाही. हवं तर एक कान मोकळा ठेवा, पण मग तेवढी बाजू बंद करा. म्हणजे गळ्याचा ट्रॅक एकटा राहतो आणि त्यावर काय ती साफसफाई करता येते, तीही जरा हात राखून.

दुसरं, अंतर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत माइक हातभर लांब दिसतोय. तो वीतभरावर आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पंखा मात्र होता तेवढाच राहतो. फार चिकटलात तर आवाज घुमतो, खर्ज फुगतो, तेव्हा पॉप फिल्टर मधे ठेवा, तो आपोआप अंतर राखतो. आणि दिशा! या माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करा आणि तुम्ही साड्यांचं कपाट सताड उघडून कपाटाला पाठ करून उभ्या राहा. मागच्या भिंतीवरून आवाज आपटून यायचा तो साड्यांत जिरतो. टेकपुरता पंखा बंद, घाम आला तर आला.

त्या काळ्या माइकबद्दल एकच सांगतो. शुअर एसएम ७ बी हा उत्तम माइक आहे, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन, म्हणजे आवाज वाढवून घ्यायची ताकद लागते, बरेच छोटे इंटरफेस तिथपर्यंत जाताना स्वतःच सूं सूं करायला लागतात, मग लोक आणखी पैसे घालून वेगळा बूस्टर घेतात आणि मला दुसरं पत्र लिहितात. त्याच्याच जातीचा, म्हणजे डायनॅमिक माइकच हवा असेल तर १९६६ पासून चालत आलेला साधा एसएम ५८ आधी कुणाकडून तरी मागून चार दिवस गाऊन बघा.

प्रश्न: दादा, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये भाड्याने राहतो, १० बाय १० ची बेडरूम आहे. ८ इंची स्टुडिओ मॉनिटरची (मिक्सिंगच्या स्पीकरची) जोडी घेतली, चारी भिंतींना फोम लावला. तरी मिक्समध्ये बेस कळत नाही, खोलीत कमी वाटतो म्हणून वाढवतो आणि मित्राच्या गाडीत लावलं की काचा थरथरतात. वर बाजूच्या काकू अजूनही बेल वाजवतातच. फोमचे पैसे पाण्यात गेले का?
*एक होतकरू कंपोझर*

उत्तर: मित्रा, फोमचे गेले, स्पीकरचे नाही गेले.

आधी काकू. फोम आवाज बाहेर जाण्यापासून अडवत नाही, कधीच अडवत नव्हता, विकणारे सांगत नाहीत एवढंच. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवून, म्हणजे जाड भिंत, भरीव दार, दाराखालची फट बंद. भाड्याच्या घरात हे काय करणार तू! त्यामुळे रात्री हेडफोन, आणि काकूंना गणपतीत मोदक. रात्री १० ते सकाळी ६ चा नियम लाऊडस्पीकरसाठी आहे असं कायदा दाखवून वाद घालू नकोस, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकूंचंच ऐकतील.

आता बेस. १०० हर्ट्झच्या सुराची लाट साधारण ११ फूट लांब असते, तिला तुझा इंचभर फोम दिसतसुद्धा नाही. फोम खातो फक्त वरचा आवाज, म्हणजे झांज, स, श. त्यामुळे तुझी खोली आता वरून मेलेली आणि खालून घुमणारी झालीय, जी आधीपेक्षा वाईट. त्यात खोली चौकोनी. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट असले की साधारण ५६ हर्ट्झचा सूर तिथे अडकून उभा राहतो, आणि तुझ्या खोलीची लांबी-रुंदी सारखीच म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच सूर, डबल. कीबोर्डवर ५५ हर्ट्झचा खालचा ए दाबून धर आणि खोलीभर फिर. भिंतीला चिकटलास, कोपऱ्यात गेलास की छाती हलेल, बरोबर मधे आलास की तो सूर जवळजवळ नाहीसा होईल. आता सांग तुझी खुर्ची कुठे आहे. मी पैज लावतो बरोबर मधे आहे. म्हणून तुला बेस ऐकू येत नाही, तू वाढवतोस, आणि गाडीत तो खराखुरा बाहेर येतो.

तर टेबल एका भिंतीकडे सरकव, डोकं समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर येईल असं बस, उजवी-डावी भिंत सारख्या अंतरावर. अर्धा फोम काढ. काढताना रंग निघणार, डिपॉझिटमधून कापणार, ते गृहीत धर. कोपऱ्यांत चार इंच जाड रॉकवूलचे पॅनल कापडात शिवून उभे कर, घरमालकाच्या भिंतीला खिळा लागत नाही. ते जमेपर्यंत गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलीस तरी फरक कळेल. स्पीकरच्या मागे बघ, बऱ्याच मॉनिटरना बेस कमी करायचा छोटा स्विच असतो, तो कुणी हात लावत नाही. एवढं करूनही ८ इंची त्या खोलीला जड जाणारच. पाच इंची पुरले असते, पण ऑनलाइन ऑर्डर करताना ८ हा आकडा ५ पेक्षा छान दिसतो, त्याला तू काय करणार.

प्रश्न: मी पेटीवाला, भजनी मंडळात साथ करतो. मुलाने लॅपटॉपवर वाजवायला छोटा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, लॅपटॉपमधला आवाज वाजवणारा) आणून दिला. दोन सप्तकं, बोटं एकमेकांवर चढतात, आणि सूर दाबल्यावर जरा वेळाने येतो. पोराचं मन मोडवत नाही.
*कोपरखैरणे*

उत्तर: काका, २५ पट्ट्यांचा कीबोर्ड प्रवासात एखादी धून टिपून ठेवायला ठीक, तुमच्या पेटीला तीन, साडेतीन सप्तकं असतात, हात डावीउजवीकडे मोकळा फिरलेला, तो तिथे कोंडणारच. पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा ४९ किंवा ६१ चा बघा, आणि दुकानात बसून वाजवून बघा, मुलाला बरोबर न्या म्हणजे मन पण मोडणार नाही.

सूर उशिरा येण्याचं मात्र कीबोर्डशी काही देणंघेणं नाही. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवताय का? असेल तर तेच कारण, ब्लूटूथ आवाज पोचवायला चांगलाच वेळ घेतं, गाणं ऐकताना कळत नाही, वाजवताना तिय्या चुकतो. वायरवाला लावा. तरी उशीर झाला तर मुलाला सांगा की सॉफ्टवेअरमध्ये बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून ठेवायचा आकडा) १०२४ असेल तो १२८ वर आण, म्हणजे तेवीस मिलिसेकंदांचे तीनच्या आसपास येतात. विंडोज असेल तर आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे आवाज लवकर पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर, पण लागेल.

प्रश्न: सेलमध्ये प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) घेत गेले, दर सणाला सेल. आता वापरते मोजके, बाकीचे नवीन ओएस टाकल्यावर उघडतच नाहीत, कंपनी म्हणते अपडेटचे वेगळे पैसे. एक व्हायोलिनच्या आवाजांची लायब्ररी तर पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होते! फसवणूक आहे का ही?
*पाचपाखाडी*

उत्तर: पंधरा मिनिटांचं आधी, ते सोपं आहे. ती लायब्ररी काँटॅक्ट या वाद्यांचे आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पूर्ण, विकतच्या आवृत्तीसाठी बनलेली आहे आणि तुम्ही फुकटच्या काँटॅक्ट प्लेअरमध्ये उघडताय, प्लेअर अशा लायब्रऱ्या डेमोसारख्या पंधरा मिनिटं चालवतो. लायब्ररीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सेलचा आकडा मात्र ठळक असतो.

बाकीची फसवणूक म्हणता येत नाही, धंदा म्हणता येतो. सॉफ्टवेअर ‘घेतलं’ असं आपण म्हणतो, पण ते आपल्या ओएसच्या जिवावर जगतं. ॲपलने २००२ मध्ये लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी ईमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं, २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने सगळे ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले आणि कित्येकांचे जुने प्लगिन एका रात्रीत गेले. प्लगिन बनवणाऱ्या वेव्हज कंपनीने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे कायमचं लायसन्स नाही, फक्त महिन्याचं-वर्षाचं भाडं, जगभर आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. तेव्हा ओरडलात तर उपयोग होतो, एवढं तरी दिसलं.

तुम्ही आता एवढंच करा की चालू काम असताना ओएस अपडेट करू नका, आणि जुन्या गाण्यांचे ट्रॅक साध्या आवाजाच्या (.wav) फाइल म्हणून काढून ठेवा, प्लगिन मेला तरी गाणं उघडेल. नवीन डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं मुख्य सॉफ्टवेअर, शोधताय असंही लिहिलंयत, तर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो, एफएल स्टुडिओ घेतला तर त्याचे पुढचे अपडेट फुकट मिळतात. आणि सेलची ईमेल येते तिला खाली अनसबस्क्राइबचं बटण असतं हो.

प्रश्न: मुलीला (वय ९) एकदम चांगली म्हणून स्केल चेंजर पेटी घेतली. बाई म्हणतात साधी आणायची होती. तिला उचलत पण नाही.
*नेरूळ*

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. स्केल चेंजरमध्ये पट्ट्या सरकवून सा कुठेही नेता येतो, बोटं मात्र तीच राहतात, गाणाऱ्याच्या साथीला बसणाऱ्यासाठी सोय झकास. शिकणाऱ्या मुलीला मात्र काळी चार, काळी पाचमधून हात फिरायलाच हवा, नाहीतर सगळं आयुष्य एकाच पट्टीत. शिवाय यंत्रणा जास्त म्हणजे वजन जास्त, आणि सरकणारे भाग म्हणजे हवा गळायला जागा जास्त. पण विकायची घाई नको, सरकवणं बंद ठेवून साधी पेटी समजून शिकू दे, उचलायचं काम बाबांचं. पावसाळ्यात नेरूळची हवा खारी आणि ओली, स्टँडवर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, सूर (आतल्या वाजणाऱ्या पितळी पट्ट्या) गंजले की पॉलिशवाल्याकडे नाही, पेटी दुरुस्तीवाल्याकडेच.

प्रश्न: हळदीच्या ऑर्डरी करतो, बेंजो पार्टी. सेकंड हँड ऑक्टोपॅड (रोलँडचा, काठीने वाजवायचा आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) घेतला, दुसऱ्याच हळदीत धूर आला. विकणारा फोन उचलत नाही. पॅड खराब होता ना?
*कळवा*

उत्तर: भाऊ, विकणाऱ्याला शिव्या द्यायच्या आधी ॲडाप्टर बघा. तुमच्याकडे यामाहाचा कीबोर्ड आहे असं लिहिलंयत. रोलँडच्या पॅडला साधारणपणे ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधला भाग निगेटिव्ह असतो, यामाहाच्या कीबोर्डला १२ व्होल्ट आणि मधला पॉझिटिव्ह, आणि पिन दोन्हीची दिसायला सारखी, मांडवातल्या अंधारात कुणीतरी अदलाबदल केली की खेळ खल्लास. पॅडखाली आणि ॲडाप्टरवर गोल आणि टिंबाची छोटी खूण असते, ती जुळते का बघा. नशीब असेल तर आत संरक्षणाचा डायोड एकटाच जळला असेल, रिपेअरवाला बसल्या जागी बदलून देतो, बोर्ड गेला असेल तर दुरुस्तीच्या खर्चात दुसरा जुना पॅड येईल. घेताना मात्र आठही पॅड हळू मारून बघा, जोरात सगळेच वाजतात. आणि दोन्ही वायरींना पांढरी टेप लावून मार्करने ‘पॅड’ आणि ‘यामाहा’ लिहून टाका, बेंजोवाल्याला पण वाचता येईल एवढं मोठं.