चासी वाकलीय की नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न : कांदा भरलेल्या माझ्या पिकअपला पुढून डाव्या बाजूने ट्रॅक्टरची धडक बसली. बंपर, बोनेट बदललं. तरी गाडी डावीकडे ओढते. चाकांचं अलाइनमेंट दोनदा झालं. गॅरेजवाला म्हणतो, चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) ठीक आहे. खरं मानू का? – एक वाचक, निफाड

उत्तर : नुसतं बघून म्हणाला असेल तर नका मानू. मी तीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय, पण डोळ्यांवर माझाही भरवसा नाही.

गाडी रिकामी करा, सपाट फरशीवर लावा. चासीच्या दोन्ही बाजूंना जोडीची भोकं असतात, तिथून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खुणा करा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या आणि तिरके कर्ण मोजा, म्हणजे पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत. दोन्ही सारखे हवेत. ५-६ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर चासी सरकलीय, असंच मी धरतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही दोन्ही बाजूंनी मोजा.

मग खाली शिरा. पुढच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ चासीच्या पट्टीवरून बोट फिरवा. वाकली असेल तर कापडाच्या चुणीसारखी सुरकुती लागते, रंगाचे पापुद्रे उडालेले असतात. केबिन आणि हौद्यातली फट एकीकडे बोटभर, दुसरीकडे दोन बोटं, हीसुद्धा तीच खूण.

वाकलेली निघाली तर बेंचवर, म्हणजे चासी पकडून सरळ ओढायच्या यंत्रावर, ओढून घ्या. गॅसने लाल करून ठोकू देऊ नका, लोखंड मऊ पडतं आणि भर भरला की तिथेच बसतं. विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला असेल तरी पुन्हा बोलवा, दुरुस्तीला गाडी खोलण्याआधी.