चुकारा वर्षातून एकदा, हप्ता दर महिन्याला

आर्णी तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आठ एकर कापूस-तूर, चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) जमा होऊन खात्यात 4 लाख. पावसाळ्यात वावराची पांदण, म्हणजे शेताकडची कच्ची वाट, चिखलात जाते. 9 लाखांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह थार बघून ठेवली आहे. चारही लाख भरून उरलेल्या 5 लाखांचं कर्ज काढू का?

भाऊ, थार आत्ता घेऊ नका. पांदणीसाठी ऑफ-रोड मोटारसायकल घ्या, जुनी आणि रोखीने.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: पीककर्ज 1 लाख 20 हजार बाकी. म्हणजे ते 4 लाख सगळे तुमचे नाहीत. 30 जूनच्या आत कर्ज भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज माफ होतं; ती सवलत गाडीपायी घालवू नका. बियाणं, खत, मजुरीला तुम्हीच 80 हजार धरले आहेत. हाती राहिले 2 लाख. आणि 5 लाखांचं कर्ज 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साडेअकरा हजारांच्या जवळ जातो. जुलै-ऑगस्टमध्ये, फवारणीच्या ऐन दिवसांत, तो कुठून भराल? बोंडअळीच्या वर्षी तर सावकाराचंच दार उरतं. मला भीती त्याचीच वाटते.

कुटुंबाला घेऊन जायचा प्रसंग येईल तेव्हा गाडी भाड्याने करा.

हीरो एक्सपल्स 200 बघा. आपली काळी माती साध्या गाडीच्या मडगार्डात गच्च बसते आणि चाक जाम होतं, हे तुम्ही भोगलंच असेल. हिचं पुढचं मडगार्ड चाकापासून बरंच वर असतं, पुढचं चाक 21 इंची, जमिनीपासून उंची 220 मिलिमीटर. मात्र सीटही उंच, 82 सेंटिमीटरच्या वर. दोन्ही पाय नीट टेकतात का, हे बसून बघा. चिखलात पाय पुरला नाही तर गाडी अंगावर येते. जुनी गाडी लाख-सव्वा लाखात बसवा. 15 हजार हेल्मेट, घोट्यावरचे बूट, हातमोजे आणि गुडघ्याच्या गार्डला ठेवा. यात काटकसर नको. हेल्मेट आयएसआयचंच. राहिलेल्या पैशाला हात लावू नका.

पहिले काही दिवस कोरड्या पांदणीवर, उभं राहून चालवायचा सराव करा. चिखलात दुसरा गिअर, एकसारखा थ्रॉटल. पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सटकलंच. रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, कितीही ओळखीचा असला तरी. खालचा काँक्रीट वाहून गेलेला वरून दिसत नाही. रात्री रोही (नीलगाय) आडवा येतो, तेव्हा वेग कमीच.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते तपासा, आणि विमा 14 दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. 15 लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षण घ्याच. लायसन्स चालू नसेल तर ते मिळत नाही. तुमच्या लायसन्सची मुदत संपल्याचं तुम्हीच लिहिलं आहे; आधी त्याचं नूतनीकरण करा, गाडी नंतर.

बघायला जाल तेव्हा गावचा मेकॅनिक सोबत न्या. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का, चाकाचे आरे ढिले आहेत का, एवढं त्याच्याकडून बघून घ्या. गळत असेल तर तेवढी किंमत कमी करायला सांगा.