पाचव्या स्लाइडवरचं नाव

प्रिय पोरी,

तुझं पत्र रविवारी सकाळी वाचलं आणि दुपारी पुन्हा वाचलं. सहा जणांचं ऑफिस वर्षभरात चौतीस जणांचं झालं, कंपन्यांसाठीचे तुमचे ऑनलाइन कोर्स सात भाषांत गेले, बाणेरची जागा पुरेना म्हणून वरचा मजलाही घेतलात. मनापासून आनंद झाला. या वर्षात तुझी झोप किती गेली असेल, तेही त्या पत्रातून दिसलं.

शेवटी तू विचारलं आहेस, "कोर्सचं कम्प्लिशन ९८ टक्क्यांवर गेलं, आता पुढे काय वाढवू?" उत्तर देण्याआधी माझ्या अशाच एका वर्षातली गोष्ट सांगते. तुला ती मी कधी सांगितली नाही.

तेव्हा मी एका ट्रेनिंग कंपनीत कंटेंट बघत होते. काम धो धो येत होतं. पुण्याजवळच्या एका कारखान्याला आम्ही पॉशचा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्याचा, कोर्स दिला होता. पाचव्या स्लाइडवर अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची नावं, अध्यक्ष बाईंचा फोटो, त्यांचा ईमेल. वर्ष उलटून गेल्यावर मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेले, तेव्हा पॅकिंगमधल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठलं. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या मुलीने आमच्या स्लाइडवरचा पत्ता वहीत उतरवून घेतला होता आणि तिच्यावर वेळ आली तेव्हा त्याच पत्त्यावर मेल केला होता. मेल परत आला. अध्यक्ष बाई आठ महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेल्या होत्या. मुलीने गृहीत धरलं की समिती फक्त कागदावर असते. दिवाळीला ती गावी गेली ती परत आलीच नाही.

ऑफिसात येऊन मी रिपोर्ट उघडला. तिच्या नावापुढे 'पूर्ण' असं लिहिलं होतं, आणि दहापैकी दहा गुण.

आम्ही शिकवलं तसंच ती वागली होती. आमच्या हजारो शिकणाऱ्यांत कदाचित तिनेच तो पत्ता वहीत लिहून घेतला असेल. आजही नवीन कोर्स तपासताना माझा हात आधी समितीच्या नावांवर जातो.

ही चूक कशी होते ते नीट मांडते, कारण कंपनी वाढते तशी तीही वाढते. आपण कोर्सचं स्कॉर्म या ठरलेल्या पद्धतीचं पॅकेज करतो, म्हणजे एक झिप फाइल, आणि ती ग्राहकाच्या एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरवर, चढते. तिथून पुढे ती आपल्या हातात राहत नाही. आपल्याकडची मूळ प्रत कितीही दुरुस्त केली, तरी तिकडे जुनीच चालू राहते. स्कॉर्म १.२ हे २००१ सालचं आहे आणि अजूनही बरेच ग्राहक तेच मागतात. त्यातून आपल्याकडे काय परत येतं? पूर्ण की अपूर्ण, पास की नापास, गुण किती, वेळ किती. मेल परत आल्याचं त्यात कुठेच येत नाही. तीन ग्राहक असताना हे सगळं डोक्यात राहतं. साठ झाले की कुठल्या कारखान्यात कोणती आवृत्ती चालू आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून नावं, फोन, ईमेल स्लाइडमधून बाहेर काढ. पॅकेजमध्ये फक्त दुवा ठेव, माहितीचं पान तुमच्या सर्व्हरवर असू दे. दर तीन महिन्यांनी तुमच्यापैकी कुणीतरी प्रत्येक नंबरवर फोन करून "आपण अजून समितीवर आहात ना?" एवढं विचारावं. पॉश कायद्याने समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. लोक नोकऱ्या त्याआधीच बदलतात. जिथे फायरवॉलमुळे दुवा उघडत नाही तिथे छापील कागद पाठव आणि तो लावल्याचा फोटो मागून घे. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावायला कलम १९ सांगतंच, तेव्हा एचआरला हे मागताना संकोच नको.

सर्वोच्च न्यायालयाचा १२ मे २०२३ चा ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य हा निकाल तू वाचला नसशील तर या आठवड्यात वाच. सारांश नको, पूर्ण निकाल वाच. प्रकरण गोवा विद्यापीठातलं. समितीने चौकशी घाईने उरकली, ज्या प्राध्यापकांवर आरोप होते त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून बडतर्फीचा आदेश टिकला नाही आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ च्या होत्या. त्या विद्यार्थिनींची इतकी वर्षं कशी गेली असतील, याचा विचार कर. त्याच निकालात समितीची माहिती, ईमेल आणि फोन संकेतस्थळावर ठेवून वेळोवेळी अद्ययावत करण्याचे निर्देश आहेत. समिती सदस्यांचा कोर्स वेगळा आणि सखोल का लागतो, तेही त्यातून कळतं. सदस्यांच्या या प्रशिक्षणाचीही जबाबदारी कलम १९ मालकावर टाकतं. तुमच्या यादीत तो कोर्स अजून नाही, आणि मला ते फार खटकलं.

आता त्या ९८ टक्क्यांकडे ये. बेरीज बघू नकोस, वेळा बघ. एकाच टॅबलेटवरून, एकामागून एक वीस जण, प्रत्येकाचा चाळीस मिनिटांचा कोर्स सहा मिनिटांत पूर्ण. असं दिसलं तर समजून जा की सुपरवायझरने सगळ्यांच्या नावाने 'पुढे' दाबलं आहे. त्याच्यावर चिडू नकोस. त्याला शिफ्ट संपायच्या आत आकडा द्यायचा असतो. एचआरकडे जाऊन सांग की आम्हाला पगारी वेळेतला अर्धा तास द्या, हेडफोन द्या, बसायला जागा द्या. हे मागणं सेल्सच्या मुलांना आवडणार नाही. तरी करारात घाल.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सात भाषा झाल्याचा तुला अभिमान आहे आणि तो असावा. पण तुमचा मराठी कोर्स मी पूर्ण पाहिला. 'व्यथित महिलेने लेखी तक्रार सादर करावी.' चाकणच्या लाइनवर उभी असलेली कुठली बाई स्वतःला व्यथित महिला म्हणेल? तिला सांग, "तुम्हाला त्रास होत असेल तर तीन महिन्यांच्या आत समितीला लिहून द्या. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे." ही मदत कलम ९ मध्येच आहे आणि तुमच्या कोर्समध्ये ती कुठेच आली नाही. शिवाय तुमच्या सगळ्या प्रसंगांत केबिन आहे, लॅपटॉप आहे, ऑफिसची पार्टी आहे. कारखान्यातला त्रास शिफ्ट लावणाऱ्याकडून होतो, कंपनीच्या बसमध्ये होतो, कंत्राटदाराच्या माणसाकडून होतो. कंत्राटी आणि शिकाऊ बायकाही या कायद्यात येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. लेखकांना एक दिवस कॅन्टीनमध्ये बसव. नुसतं बसू दे, प्रश्नावली नको.

नवीन कायद्यांमुळे तुमच्याकडे रांग लागली आहे हे समजलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये एकाच महिन्यात डेटा संरक्षणाचे नियम आले आणि चार कामगार संहिताही लागू झाल्या, तेव्हा प्रत्येक ग्राहकाला घाई असणारच. तरी डेटा कायद्यातल्या २५० कोटींच्या दंडाची भीती घालून कोर्स सुरू करू नका. रिसेप्शनवरच्या मुलीला त्या आकड्याचा काही उपयोग नाही. पाहुण्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची का, घेतली तर ठेवायची कुठे आणि फाडायची कधी, एवढं तिला सांगा. प्रत्येक कोर्सला 'पुन्हा तपासायची तारीख' लाव, आणि ती चुकली तर तो कोर्स विक्रीतून काढ.

तर काय वाढवायचं? तुमच्याकडे येणारे प्रश्न वाढव. प्रत्येक कोर्सच्या शेवटी नाव न देता प्रश्न विचारायची सोय ठेव आणि उत्तर दोन दिवसांत द्या. सुरुवातीला काहीच येणार नाही. मग एक दिवस कुणीतरी विचारेल, "बसमधला त्रास यात येतो का?" तो प्रश्न मीटिंगमध्ये ९८ टक्क्यांच्या आधी वाचून दाखव.

नव्या मुलांना रुजू झाल्या दिवशी सॉफ्टवेअर शिकवू नकोस. आधी भंवरीदेवींबद्दल सांग. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या त्या साथिन, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या. एका कोवळ्या मुलीचं लग्न थांबवायला गेल्या आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. त्यानंतर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १३ ऑगस्ट १९९७ ला आला, आणि पॉश कायदा व्हायला २०१३ उजाडलं. आपण ज्याला चाळीस मिनिटांचं मॉड्यूल म्हणतो त्याच्यामागे हे आहे. मुलांना हे कळलं की ती मग स्क्रिप्टमध्ये 'व्यथित महिला' लिहीत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या सगळ्यात जुन्या अकरा ग्राहकांच्या समित्यांची यादी काढ. शनिवारी ती घेऊन घरी ये. फोन आपण दोघी मिळून करू, मी सकाळी दहापासून मोकळी आहे.

तुझी,
ताई