जमीन विकली म्हणून चुलतभावाने वडिलांवर 420, 467 लावलंय. एफआयआर रद्द होईल का?

तुम्ही लिहिलंय की कासारवडवलीची सामाईक जमीन वडिलांनी विकली, चुलतभावाने आधी ठाण्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला आणि नंतर फसवणूक, बनावट दस्ताची फिर्याद दिली. आमच्या घरात हेच घडलं होतं.

रद्द होऊ शकतो. पण 'वाद दिवाणी आहे' एवढंच म्हणून हायकोर्टात भागत नाही, कारण एकाच व्यवहारातून दिवाणी दावा आणि गुन्हा दोन्ही निघू शकतात. आधी खरेदीखत काढून बघा. वडिलांनी स्वतःच्याच नावाने सही केलीय ना? कुणाच्या नावाची खोटी सही, खोटा अंगठा, बनावट कुलमुखत्यारपत्र नाही ना? असेल तर एफआयआर रद्द करण्याचा अर्ज टिकणं अवघड, हे स्पष्टच सांगतो. नसेल तर सुप्रीम कोर्टाचा 2009 चा मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य हा निकाल वकिलांना दाखवा. जमीन आपली म्हणून स्वतःच्या नावाने केलेला दस्त, मालकी पुढे टिकली नाही तरी, बनावट ठरत नाही. आणि फसवणूक झालीच असेल तर ती पैसे मोजणाऱ्या खरेदीदाराची, चुलतभावाची नव्हे.

आम्हाला तारलं ते चुलतभावाच्याच दाव्याने. त्यात लिहिलं होतं, 'प्रतिवादीने वारसांची नावे फेरफारास न लावता संपूर्ण मिळकत स्वतःची दाखवून विकली.' बनावट सहीचा एक शब्द नाही. फिर्यादीत मात्र अख्खा दस्तच बनावट! आमच्या वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्या एका ओळीखाली लाल पेनने रेघ मारली. सगळा अर्ज त्या रेघेवर उभा राहिला. त्यामुळे दाव्याची सहीशिक्क्याची नक्कल आधी काढा.

कलमांचा घोळ करू नका. पूर्वी असा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम 482 खाली व्हायचा. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो 528 खाली होतो, आणि नवं 482 अटकपूर्व जामिनाचं आहे. हायकोर्टात अर्ज टाकला म्हणजे अटक थांबली असंही नाही, त्यासाठी ठाणे सत्र न्यायालयात जामिनाचा अर्ज वेगळा करा. मध्येच दोषारोपपत्र दाखल झालं तर घाबरू नका, तेही रद्द करण्याची मागणी अर्जात दुरुस्तीने घालता येते.

पोलिसांची नोटीस आली तर टाळू नका. आमचे वडील त्या दिवसांत रात्र रात्र जागे असायचे, चौकीत एकटे जायला तयार नसायचे. तुम्ही सोबत जा.