आधीचं रान परत येईल का?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी वणव्यात आमच्या जवळची झाडी जळून गेली. पहिल्या वर्षी तिथे गुडघाभर तण माजलं. दुसऱ्या वर्षी ते जवळपास दिसेनासं झालं आणि गवत आलं. आता गवतातून काटेरी झुडपं डोकं वर काढताहेत. पहिलं तण गेलं कुठे? आणि जमीन अशीच राहू दिली तर आधीचं रान परत येईल का?

उत्तर : तण गेलेलं नाही, ते तुमच्या पायाखाली आहे. अशा वनस्पतींना उघडं ऊन लागतं. ते मिळालं की त्या भराभर वाढतात, ढिगाने बिया टाकतात आणि गवताची सावली पडू लागली की हटतात. बिया मात्र मातीत वाट पाहत राहतात. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तणांच्या बिया बाटल्यांत घालून पुरल्या होत्या. त्यांतली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही काही बिया रुजल्या! तुमच्या जमिनीत उद्या कुणी नांगर घातला, तर तेच तण पुन्हा उभं राहील.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि मला तो जास्त जवळचा आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हा अनुक्रमणाचा, म्हणजे एकाच जागी एकामागून एक वनस्पती कशा येत जातात याचा, धडा आला की फळ्यावर जिना काढायचो : आधी दगडफूल, मग शेवाळ, गवत, झुडूप आणि शेवटी पक्कं रान. हा जिना फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाचा. वनस्पतींचा समाज एखाद्या जिवासारखा वाढतो आणि ठरलेल्या प्रौढावस्थेला पोचतो, असं त्यांनी १९१६ मध्ये मांडलं. दहा वर्षांनी दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी याच्या उलट बाजू घेतली : प्रत्येक जात आपापल्या गरजेने येते, आणि कोण आधी पोचलं यात योगायोगाचा वाटा मोठा असतो.

मी स्वतः ग्लीसनच्या बाजूला झुकलो ते दोन चौकटींमुळे. दगड काढून सोडून दिलेल्या एका खाणीच्या काठावर मी खुंट्या ठोकून एकेक मीटरचे दोन चौकोन आखले होते, एकमेकांपासून दहा पावलांवर. बारा वर्षं, दर वर्षी त्याच महिन्यात, गुडघ्यांवर बसून रोपं मोजली. एका चौकोनावर वाळकी फांदी आडवी पडली होती. तिच्यावर पक्षी बसत, आणि त्यांच्या विष्ठेतून आलेल्या बियांची झाडं पाचव्या वर्षी माझ्या खांद्याला लागली. दुसऱ्यात एका झुडपाने आधी जागा धरली आणि बाराव्या वर्षापर्यंत तिथे एकही झाड रुजू दिलं नाही. माती तीच, पाऊसही तोच.

माझ्या चौकटी चिमुकल्याच. पण अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये हेच शंभर वर्षं पाहिलं गेलंय. हिमनदी मागे सरून उघड्या पडलेल्या जमिनीवर वनस्पतींचे अभ्यासक विल्यम कूपर यांनी १९१६ मध्येच असे चौकोन आखले. शतकानंतर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा पहिल्या पिढीतली फक्त विलोची झुडपं टिकून होती, आणि जिथे त्यांची गर्दी होती तिथे पुढच्या पायरीवरचा स्प्रूस वृक्ष शिरलाच नव्हता. म्हणजे आधी येणारा नंतर येणाऱ्यासाठी माती तयार करतो हे खरं, तसं तो कधीकधी दार अडवून बसतो हेही खरं.

मग तुमचं रान? तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे : तुमची माती जिवंत आहे. १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून वर आलेल्या सुर्त्से बेटाला प्रत्येक बी बाहेरून मिळवावं लागलं. तिथे हिरवळ खरी फोफावली ती समुद्रपक्षी मोठ्या संख्येने घरटी करू लागले, त्यांच्या विष्ठेचं खत पडू लागलं, तेव्हा. याउलट १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा बर्फाखाली झाकलेली रोपं आणि बिळांतले गोफर हे उंदरासारखे प्राणी वाचले. त्या गोफरांनी राखेखालची जुनी माती उकरून वर आणली. वणवा तर बहुतेक वेळा त्याहून पुष्कळ सौम्य असतो. जळक्या बुंध्यांच्या तळाशी वाकून पाहा. तिथून धुमारे फुटले असतील, तर तुमचं रान बाहेरून यायचं नाहीये, ते तिथेच आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती : बुंधे उपटू नका, वाळक्या फांद्या गोळा करू नका. काटेरी झुडपंही सरसकट तोडू नका. चरणाऱ्या जनावरांपासून त्यांच्या आडोशाला कोवळी रोपं वाचतात. एखादंच झुडूप सगळी जागा व्यापू लागलं, तर तेवढं विरळ करा. आसपास जुनी झाडं किती अंतरावर उभी आहेत तेही पाहा. बी तिथूनच येणार. हुबेहूब तेच रान येईल असं वचन मी देणार नाही. चार खुंट्या ठोका, एक मीटरचा चौकोन करा आणि यंदा काय काय आहे ते मोजून मला कळवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.