मारुती ओम्नी व्हॅन मागून खाली बसली, मिस्त्री म्हणतो एक पाटा (मागच्या स्प्रिंगची कमानदार पट्टी) वाढवून देतो. वाढवू का?

नका वाढवू भाऊ. तुम्ही लिहिलं की १९९७ ची ओम्नी आहे, उजव्या बाजूनं मागून बसलीय, खड्ड्यात गेली की ठक्कन आदळते, हळू चालवताना कर्रकर्र वाजते आणि सीझनमध्ये थोडीफार कापसाची गाठोडी न एरवी घरचे लोक एवढंच ओझं असतं. एवढ्यावरून तरी मला पाटे कमी पडून राहिले असं वाटत नाही. आहेत तेच थकले असतील, नाही तं बुश (पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात बसणारं रबर) आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी झुलती कडी) गेले असतील, आणि बहुतेक दोन्ही. मी दारव्ह्याकडचा, माझी पण तुमच्याच पिढीतली ओम्नी आहे, मागचं सगळं काम घरच्या अंगणात खोलून केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाटा वाढवायचा सल्ला आपल्याकडे जो उठला तो देते कारण त्यात मिस्त्रीचं काम दुपारपर्यंत होऊन जाते आणि गाडी लगेच उंच दिसते, गिऱ्हाईक खूश. पण ओम्नीला ट्रकसारखी वेगळी जाड चेसिस नाही, पत्र्याच्या बॉडीलाच खालून मेंबर वेल्ड केलेले आहेत आणि पाट्याची टोकं जिथं अडकवतात ते हँगर त्यालाच. पाटे कडक केले की जो धक्का आधी पाटा पिऊन घेत होता तो सरळ हँगरवर जाते, न २५-३० वर्षांच्या गाडीत तो पत्रा चिखलानं आधीच सडलेला असते. शिवाय १२ इंची चाक, आपल्या पांदण रस्त्यावरच्या खड्ड्यात ते पुरतं उतरते, आणि रिकामी गाडी मागून हलकी, म्हणजे कडक पाट्यावर मागचा भाग नुसता उड्या मारते, पावसात ब्रेक मारला तं मागचं बाजूला सरकते. आमच्याकडच्या एका मंडप-बिछायतवाल्यानं दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला होता, पाट्याला काही झालं नाही पण डावीकडचा मागचा हँगर पत्र्यासकट फाटून निघाला, तोही भर लग्नसराईत.

आधी मापं घ्या, तेही सपाट जागी, गाडी रिकामी करून. चाकाच्या मधोमधून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावायचा, असं मोजलं की टायरमधल्या हवेचा फरक मध्ये येत नाही. दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा. मग स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डावं-उजवं मोजा. यात चांगला ठळक फरक आला तं पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट तुटून हाऊसिंग (मागच्या दोन चाकांमधला आडवा ॲक्सल) सरकलंय असं समजा, आणि मग गाडी चालवणं बंद करा, बाकीचं नंतर वाचा. तिसरं म्हणजे खाली वाकून शॅकल बघा. पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि शॅकल मागं झोपते, दोन्ही बाजूंचा कोन शेजारीशेजारी पाहिला की डोळ्यालाच कळते. बुशचं रबर बाहेर येऊन काळा भुगा पडत असेल, बोल्ट डोळ्याच्या मधोमध नसून एका अंगाला टेकला असेल, तं तुमची कर्रकर्र तिथंच आहे.

आता खोलायचं. आदल्या दिवशी संध्याकाळीच सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, डिझेल मारलं तरी चालते. पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावा, दगड नाही, दगड घसरते. बॉडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) आणि हाऊसिंगखाली वेगळा जॅक, आणि एका वेळी एकच बाजू खोला, दोन्ही एकदम खोलल्या तं हाऊसिंग फिरते आणि ब्रेकचा होज (रबरी पाइप) ताणला जाते. पाटे हाऊसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट कापावे लागले तं बिनधास्त कापा, ते परत वापरायचेच नसतात, एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. खरी झोंबाझोंबी असते पाट्याच्या डोळ्यातल्या बोल्टची. बोल्ट न बुशमधली लोखंडी नळी गंजून एक होऊन जातात, पाना लावला की नट निघते पण बोल्ट रबरासकट जागच्या जागी फिरते आणि बाहेर काही येत नाही. इथं मिस्त्री गॅस कटर मागते. देऊ नका. पेट्रोलची गाडी आहे, पाइप खालूनच जाते. हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून हँगर न बुशच्या फटीतून बोल्ट दोन्हीकडून कापायचा, हात भरून येतो, वेळ लागते, पण काम सुरक्षित होते.

पाटा खाली आला की सेंटर बोल्ट लगेच खोलू नका. बोल्टच्या दोन्ही अंगाला सी-क्लॅम्प नाही तं मोठा व्हाइस लावून पाटे दाबून धरा, मग बोल्ट काढा आणि क्लॅम्प हळूहळू सोडा, दाबलेला गठ्ठा एकदम उसळला तं बोट जाते. प्रत्येक पाट्यावर खडूनं नंबर आणि पुढची बाजू कोणती ते लिहा. तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत करा, आणि मग एक जुनी युक्ती: पाट्यावर रॉकेल नाही तं डिझेल फिरवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कापडानं एकदम कोरडा पुसा आणि वरून खडू घासून पांढरा करा. हातोडीनं टकटक केलं की चीर असेल तिथं आत शिरलेलं तेल परत बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती, डोळ्याच्या वळणाजवळ आणि खालच्या पाट्याचं टोक जिथं वरच्यावर घासून खाच पडते तिथं खास बघा. चीर दिसली की तो पाटा भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा, वेल्डच्या उष्णतेनं बाजूचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होते आणि तिथूनच तुटते.

चिरा नसतील तं कमान मोजा. मेन (दोन्ही टोकांना डोळे असलेल्या सगळ्यात लांब) पाट्याच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणायची आणि मधोमध सुतळीपासून पाट्यापर्यंतची खोली मोजायची. दोन्ही बाजूंचे पाटे असे मोजले की उजवा किती बसला ते कळते. मेन पाटे पाठीला पाठ लावून ठेवले तरी फरक दिसते.

मग प्रश्न येते की कमान परत मारून घ्यायची का नवीन घ्यायचे. बसलेला पाटा ठोकून परत वाकवणारे प्रत्येक तालुक्याला आहेत, स्वस्तात होते. पण थंड पाट्यावर घण मारून आणलेली कमान बहुतेक परत बसते, आणि दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. गाडीचं वजन पडलं की पाट्याच्या वरच्या म्हणजे कमानीच्या आतल्या बाजूला ताण येते, न कमान वाढवायला घणाचे वार नेमके त्याच बाजूला पडतात. घणाचा तो प्रत्येक वण म्हणजे पुढच्या चिरेची जागा. कारखान्यात त्याच बाजूवर बारीक छर्रे मारून पोलाद मुद्दाम घट्ट करतात, ती सगळी मेहनत वाया. नीट करायचं तं पाटा भट्टीत ८५०-९०० डिग्रीपर्यंत तापवून आकार द्यायचा, तेलात विझवायचा आणि परत ४५० च्या आसपास तापवून कडकपणा उतरवायचा. ही शेवटची पायरी टाळली, किंवा लोहारानं तेलाऐवजी पाण्यात बुडवला, तं पाटा कडक होते पण एखाद्या खड्ड्यात कडकन दोन तुकडे. स्प्रिंगचंच काम करणारे, भट्टी असलेले लोक मोठ्या शहरात भेटतात, ट्रकवाल्यांना विचारा, ते बरोबर पत्ता सांगतील. माझं मत विचाराल तं नवीन सेट घ्या, आणि दोन्ही बाजूंचा घ्या. ओम्नी २०१९ ला बंद झाली तरी रस्त्यावर इतक्या आहेत राजेहो, की मागचे पाटे न बुश अजून मिळून राहिले. फक्त जुना पाटा सोबत नेऊन लांबी, रुंदी न डोळ्याचं भोक ताडून बघा. भंगारातला सेट घ्याल तं खडूची परीक्षा त्याचीही करा.

बसवताना बुशला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून मऊ पडते, साबणाचं पाणी लावा आणि व्हाइसमध्ये योग्य मापाची गोटी (सॉकेट) धरून दाबा. पाट्यांच्या मध्ये ग्रीस भरावं का यावर भांडणं होतात, मी फक्त टोकाला अगदी पातळ हात ग्रॅफाइट ग्रीसचा देतो, जास्त लावलं तं आपली काळी माती त्यात बसून खरवडायची पेस्टच तयार होते. सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या भोकात पूर्ण बसलं का ते बोट घालून बघा, मगच नवे यू-बोल्ट चारही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळत न्या. पाटे उतरलेले असताना हँगरच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तं आधी तिथलं काम, मग बाकी.

आणि सगळ्यात जास्त हीच चूक होते: डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट चाकं लटकत असताना फायनल आवळू नका. फक्त हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबून उसळू द्या आणि मग खाली शिरून आवळा. लटकत असताना आवळले तं गाडी खाली आली की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहते, उंची पण चुकीची दिसते आणि काही महिन्यांत नवीन बुश फाटते, न लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता.

शॉकअप जुने असतील तं याच वेळी जोडीनं बदला, पाटा धक्का घेते पण उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. नव्या पाट्यांवर गाडी आधी जरा उंच वाटेल, थोड्या दिवसांत बसून जागेवर येते, तोवर रात्री हेडलाइट खाली मारते का बघा. पाचेकशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळायचे, नवे नट थोडे सैल होतातच.

डाव्या-उजव्याची मापं आणि दोन्ही शॅकलचा बाजूनं काढलेला फोटो इथं टाका, मग तुमच्या गाडीला नुसत्या बुशवर भागते का ते सांगतो.